खात्रीचं औषध

९ फेब्रुवारी

यांचा ताप अजून उतरत नाही. सकाळी बेसिनपाशी खोकले आणि घाईघाईने नळ सोडला. तरी मला दिसलंच — पांढऱ्या बेसिनमध्ये लाल तार.

"काय बघतेस, सिस्टर? काल बीट खाल्लं."

उभ्या आयुष्यात या माणसाने बीट खाल्लेलं नाही! निदान आमच्या घरी तरी नाही. तिच्या घरी खात असतील.

सिस्टर म्हणजे मी. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बायको मिळाली, म्हणून लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ठेवलेलं नाव. तेव्हा मला ते लाडाचं वाटलं होतं.

१० फेब्रुवारी

हॉस्पिटल. किडनी बसवल्यापासून साधा ताप आला तरी दाखल व्हायचं, असं बजावून ठेवलेलं आहे. परकी किडनी अंगाने हाकलून देऊ नये म्हणून रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्या अंगाची राखणच काढून घेतात. दार सताड उघडं. कुणीही यावं.

परकी किडनी म्हणजे माझी. चार वर्षं झाली तिला तिकडे नांदायला जाऊन.

लेकीला फोन केला. "ती आली आहे का तिथे?" हा तिचा पहिला प्रश्न. बाबा कसे आहेत, हा दुसरा.

१२ फेब्रुवारी

छातीचा मोठा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात एक गाठ, आणि तिच्याभोवती धुकं. नळी घालून आतलं पाणी काढून घेतलं. बुरशी आहे म्हणे.

वन्सं आल्या होत्या. "बुरशी? पावाला येते ती? माणसाला कशी येईल? तुझ्या घरात ओल असणार!"

माझ्या घरात! मग भावाकडे वळून म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगत होते, इंग्रजी शाळेतल्या मुलींना घर पुसता येत नाही." हे धाप लागलेली असतानाही हसले. माझ्यावर हसायला यांना श्वास पुरतो.

पस्तीस वर्षं होऊन गेली लग्नाला. मी अजून इंग्रजी शाळेतली मुलगीच.

१३ फेब्रुवारी

बुरशीचे डॉक्टर वेगळे असतात, हे मला ठाऊक नव्हतं. आज आल्या. चाळिशीच्या असतील. तोंडावर सतत मास्क, त्यामुळे मला त्यांचे फक्त डोळे ओळखू येतात. मला काकू म्हणतात.

यांना विचारलं, "काम काय करता?"

"फुलं. चार पॉलीहाऊस आहेत. जरबेरा, कार्नेशन."

"मातीत हात घालता?"

"छे हो! किडनीनंतर सगळं बंद. आता फक्त वास घेतो."

"कसला वास?"

मग काय! पडल्यापडल्या यांचा चेहरा खुलला. आमच्याकडे पॉलीहाऊसच्या मागे ढीग आहे. छाटलेल्या दांड्या, पानं, विकली न गेलेली फुलं, सगळं तिथे टाकतात, ते कुजतं, त्याचं खत होतं. ते पिकलं की नाही हे ठरवायचं यांनी. मुकादम मूठभर खत आणून देतो. हे ती मूठ नाकाखाली धरून फोडतात आणि खोल श्वास घेतात. कच्चं असेल तर नाकात झोंबतं, पिकलेलं असेल तर गोडसर येतं. "मुकादमाला कळत नाही, यंत्राला कळत नाही. या नाकाला कळतं!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मास्क लावून?"

"मास्क लावून वास कसा येणार, बाई?" आणि हसले. हसता हसता खोकले. पुन्हा तार आली.

१४ फेब्रुवारी

बुकेवालीबद्दल या वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज लिहिते, कारण ती खाली लिफ्टपाशी उभी आहे.

ती शहरात पुष्पगुच्छ करते, हॉल सजवते. आमचीच फुलं घ्यायची. माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान. सगळे दात दाखवून हसते. किडनी बसली आणि यांच्या तोंडावर रंग आला, भूक आली, शीळ आली. मग आठवड्यातून तीन-चार रात्री शहरात 'माल पोचवायचा' मुक्कामही आला.

"माझी किडनी रात्री तिच्याकडे झोपायला जाते," असं मी एकदा लेकीला म्हणाले. ती खो खो हसली. मग रडायला लागली.

तिला पास मिळत नाही. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं लागतं. पास माझ्या पर्समध्ये आहे.

१६ फेब्रुवारी

औषध सुरू. बुरशीवरचं नेहमीचं, पहिलं. उतार पडेल, डॉक्टर म्हणाल्या.

हे झोपले आहेत. ऑपरेशननंतरचे दिवस आठवतात. नवी किडनी पोटात खाली, उजवीकडे बसवतात, अगदी कातडीखाली. हाताला लागते. हे झोपले की मी तिथे हळूच हात ठेवायची. वाटायचं, आपलं लेकरू पाळणाघरात ठेवलं आहे, बरं आहे ना ते बघून यावं. एकदा जागे झाले. "पुरे ते चाचपणं! टरबूज आहे का?"

त्याआधीचं आठवतं ते यांची सायकल. आमच्या शाळेच्या चॅपलला फुलं पोचवायला यायचे. मी तेव्हा नुकती तिथेच शिकवायला लागले होते, पहिलीला. फरशीला मेण लावलेलं असायचं, म्हणून यांना चपला बाहेर काढायला लावायचे. पांढऱ्या फुलांचा भारा छातीशी धरून हे अनवाणी चॅपलमध्ये शिरायचे. जाताना एक फूल माझ्या वर्गाच्या खिडकीत. एक अक्षर बोलायचे नाहीत. मला वाटलं, किती हळुवार माणूस!

१९ फेब्रुवारी

उतार नाही. धुकं वाढलं.

२१ फेब्रुवारी

आज कळलं. डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर बसल्या की समजायचं.

फुप्फुसातून काढलेल्या बुरशीवर प्रयोगशाळेत एकेक औषध घालून बघतात. यांच्या बुरशीला नेहमीचं औषध लागूच नाही! पाणी घातल्यासारखं. त्यांनी यांना विचारलं, "फवारणी कशाची करता?"

हे नळीतल्या प्राणवायूवर होते, तरी ऐटीत म्हणाले, "दर गुरुवारी. रोग असो नसो. रोग यायच्या आधीच मारायचा, अशी माझी पद्धत. माझ्या फुलावर कधी डाग बघितलाय कुणी?"

काल त्यांनी मुकादमाकडून डब्याचा फोटो मागवून घेतला होता. तो दाखवला. "हे तुमचं फवारणीचं औषध आणि मी तुम्हाला देते ते, दोघं सख्खी भावंडं आहेत. ढिगात ही बुरशी असतेच. दर गुरुवारी तुम्ही तिला थोडं थोडं पाजत होतात. मरायच्या त्या मेल्या. उरल्या त्या पचवायला शिकल्या. त्यातलीच एक तुम्ही नाकाने ओढून घेतलीत."

मला वाटलं, हे रडतील. म्हणाले, "बाहेर बोलू नका. बोभाटा झाला तर एक दांडी विकली जायची नाही."

ढिगावर कामाला बायका आहेत. मी व्हरांड्यात जाऊन मुकादमाला फोन केला — ढिगाला हात लावू नका, लावलाच तर नाकातोंडाला घट्ट फडकं बांधा. तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं का?" मी म्हणाले, हो. खोटं बोलले.

२३ फेब्रुवारी

श्वास पुरेना. घशात नळी घातली, झोपेचं औषध दिलं. नळी घालायच्या आधी यांनी माझा हात घट्ट धरला. मी वाकले. कानात म्हणाले, "तिला कळव."

२४ फेब्रुवारी

कळवलं नाही.

डॉक्टर पुन्हा खुर्ची ओढून बसल्या. शब्द जसे आठवतात तसे लिहून ठेवते, कारण मला ते विसरायचे नाहीत.

"काकू, दोन वाटा आहेत. एक जुनं औषध, सलाइनमधून. फार वर्षांचा अनुभव आहे, बुरशीला मारतं. पण किडनीला सोसत नाही. यांची एकुलती, आधीच जपून वापरलेली. बहुतेक जाईल. मग आयुष्यभर डायलिसिसचं मशीन. दुसरी वाट नव्या औषधाची. बुरशीला वेगळ्याच बाजूने गाठतं, त्यामुळे नेहमीच्या औषधांना दाद न देणारीही त्याला सापडते. अजून चाचणी चालू आहे आणि आपलं हॉस्पिटल तिच्यात आहे. किडनीला ते हात लावत नाही असं आतापर्यंत दिसलंय. पण चाचणी ती चाचणी."

"जिवाच्या दृष्टीने कुठलं चांगलं?"

"आज तरी दोन्ही सारखीच धरा."

"तुमची आई माझ्या जागी असती तर काय सांगितलं असतं?"

"ते मला बोलता येत नाही. चाचणीत यायला कुणाला ढकलायचं नाही, असा दंडक आहे."

तोंडावर मास्क होता. पण डोळे ढकलत होते! नव्या औषधाकडे. स्पष्ट कळत होतं.

यांना विचारायची सोय नाही. सही बायकोची.

२५ फेब्रुवारी

लेक आली. विमानातून थेट इथे, केस तसेच विस्कटलेले. बाबांना काचेतून बघितलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. मग म्हणाली, "आई, नवीन औषध. मशीनवर बाबांचं काय झालं होतं, आठवतं ना?"

आठवत नाही कसं? किडनी मिळेपर्यंत वर्षभर मशीनवर होते. मशीनवरून आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. "यापेक्षा मला ढिगावर टाका," म्हणायचे. तेव्हाच मी म्हटलं होतं, माझी घ्या.

वन्सं मात्र कडाडल्या. "चाचणी? माझा भाऊ काय उंदीर आहे? आहे ते खात्रीचं औषध द्या म्हणावं!"

खाली चहा घ्यायला गेले तर लिफ्टपाशी ती. बोटांना हिरवी चिकटपट्टी तशीच लागलेली, गुच्छ बांधतात ती. काम टाकून आली असावी.

"ताई, नवीन औषध द्या ना त्यांना."

"तुला कुणी सांगितलं?"

"वॉर्डातल्या मावशी बोलल्या."

"आणि तू कोण म्हणून विचारलंस मावशींना?"

मान खाली. मग एकदम वर बघून म्हणाली, "तुमचीच आहे ना ती किडनी, ताई? तुम्हाला नाही वाटत वाचावी?"

मी म्हणाले, "मला माणूस वाचायला हवाय. किडनी काय, वस्तू आहे." किती सुरेख वाक्य! शाळेच्या नाटकात म्हणावं तसं म्हटलं मी ते. चहा पिणारी दोन माणसं वळून बघायला लागली.

"एकदा बघू द्या हो. लांबून. काचेतून."

"नियम आहे," मी म्हणाले. पर्सवर हात होता माझा. पर्समध्ये पास. तिला देता आला असता, लेकीजवळ दुसरा होता. लिफ्टचं दार मिटलं तेव्हा ती रडत होती, तोंड न झाकता, लहान मूल रडतं तशी. मला बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

सही केली. खात्रीचं औषध द्या, मी म्हणाले.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं. "किडनी बहुतेक जाईल. समजलंय ना, काकू?"

"समजलंय. माझीच आहे."

लेक हुंदके देत होती. वन्सं पुढे आल्या आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला जवळ घेतलं. "केवढं गं मन तुझं! स्वतःचा अवयव ओवाळून टाकलास भावावरून माझ्या." नर्सताईंनी पाण्याचा ग्लास आणून दिला. सगळ्या वॉर्डात मी देवता झाले आहे.

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे?

किडनी राहिली तर हे बरे होतील आणि शीळ घालत तिच्याकडे जातील. किडनी गेली तर आठवड्यातून तीनदा मशीन, मोजून पाणी, अळणी जेवण आणि मी. डॉक्टरांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मला हे दिसलं होतं. कालचा अख्खा दिवस मी नुसती विचारात पडल्यासारखी बसून होते.

दान केलेल्या वस्तूकडे पुन्हा बघायचं नाही, असं शाळेत शिकवायचे. वर्षाअखेरीला अनाथ मुलांसाठी पेटी ठेवायचे. खेळणं टाकायचं आणि पाठ फिरवून रांगेत परत यायचं. मी निळ्या डोळ्यांची बाहुली टाकली होती. सगळ्या मुली सरळ गेल्या. मी तेवढी वळून वळून बघत होते, कुणाच्या हातात जाते ते.

२८ फेब्रुवारी

सलाइन चढलं की तासाभरात हुडहुडी भरते. झोपेच्या औषधातसुद्धा! पलंगाचे गज खडखडतात. मी पाय दाबून धरते. नर्सताई म्हणाल्या, "काकू, तुम्ही बाहेर बसा, बघवणार नाही." मी बसले नाही. बघवतं मला.

२ मार्च

लघवीची पिशवी पलंगाला खाली टांगलेली असते. पहिल्या दिवशी फुगलेली असायची. आज तळाशी चहाच्या रंगाचं थोडं. मी येता जाता बघते. नर्सताई आकडा लिहून घेतात, मी नुसती बघते.

यांच्या पोटावर तिथेच हात ठेवला. लागते हाताला, अजून आहे. तिला सांगितलं, माझं चुकलं गं. एवढं मात्र मी खरं म्हणाले. तिचा काय दोष!

५ मार्च

पिशवी कोरडी. यांना झोपेतच मशीनला जोडलं.

९ मार्च

धुकं विरळ झालं. बुरशी मागे हटते आहे! डॉक्टरांनी फोटो शेजारी शेजारी धरून दाखवले. आनंद झाला, खरंच झाला. मी या माणसावर प्रेम करते, हे कुणाला सांगून पटायचं नाही. या वहीलाही नाही.

पलीकडच्या खोलीतल्या बस ड्रायव्हरला रक्ताचा आजार, त्यात हीच हट्टी बुरशी. तो नव्या औषधावर आहे. आज व्हरांड्यात चालत होता, बायकोचा हात न धरता. त्याची बायको मला म्हणाली, "तुम्ही का नाही हो दिलं?" मी म्हणाले, "खात्री हवी होती."

१३ मार्च

घशातली नळी काढली. ओठ हलले. मी आणि नर्सताई दोघी वाकलो. "सिस्टर," म्हणाले. दोघींनी 'ओ' दिली. यांनी दोघींच्या मधून दाराकडे बघितलं.

"कुणी आलं होतं?"

"वन्सं आल्या होत्या. लेक आली आहे."

डोळे मिटून घेतले.

२० मार्च

किडनी कायमची गेल्याचं आज सांगितलं. लेकीने सांगितलं, मला धीर होईना. मशीनला जोडलं तेव्हा यांनी भिंतीकडे तोंड केलं.

लेक म्हणाली, "बाबा, आईने तुमच्या जिवासाठी स्वतःची किडनी जाऊ दिली."

८ एप्रिल

घरी!

सगळे चादरी-पडदे गरम पाण्यातून काढले. वन्संनी शेजारच्यांना सांगून ठेवलं आहे — हिच्यासारखी हीच. दिवसाचं पाणी एका जगमध्ये मापून ठेवते. त्यातूनच चहा, त्यातूनच औषध. मागितलं की देते, पण जग दाखवून. "एवढंच उरलं हं आता." घसा ओला करायला बर्फाचा खडा देते, मुलांना गोळी देतात तसा.

हे माझ्या डोळ्यांत बघतात. कितीतरी वर्षांनी.

१९ एप्रिल

डॉक्टरांकडची माणसं ढिगाचे नमुने घेऊन गेली होती. तीच बुरशी निघाली, नेहमीच्या औषधाला न जुमानणारी. आजूबाजूच्या बागवाल्यांना सांगू का, असं डॉक्टरांनी फोनवर विचारलं. हे म्हणाले, "माझं नाव न घेता काय सांगायचं ते सांगा." मुकादमाला गुरुवारची फवारणी बंद करायला सांगितली. डाग पडले. कार्नेशनचा निम्मा माल परत आला. हे रात्रभर चिडचिड करत होते. मी पाठ चोळून दिली.

बरं चाललं आहे आमचं.

६ मे

आज मशीनवरून आले. मी पायातले मोजे काढत होते. पाय सुजतात ना.

"नवीन औषध होतं म्हणे."

माझा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"सांगितलं कुणीतरी. तो ड्रायव्हर गाडीवर रुजू झाला."

"खात्री नव्हती हो त्याची. चाचणी होती. वन्सं पण म्हणाल्या..."

"तिला काय कळतंय? तुला कळत होतं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघत राहिले, खताची मूठ फोडल्यावर बघतात तसं, पिकलं की कच्चं. मग म्हणाले, "असू दे. तुझीच होती. तुझी तू घेतलीस."

मी दुसरा मोजा काढला.

७ मे

मला सिस्टर म्हणायचं सोडलं यांनी. आज नावाने हाक मारली. लग्नातल्या विधीनंतर यांच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं नव्हतं. इतकं परकं वाटलं!

३० जून

एकमेकांशी नीट वागतो. पाणी, गोळ्या, जेवण. हे "आण" म्हणतात, "दे" म्हणतात, "झालं" म्हणतात. भांडण नाही. लेकीला फोनवर सांगितलं, बाबा किती शांत झालेत.

बुकेवालीने आमची फुलं घेणं बंद केलं, असं मुकादम म्हणाला. मी त्याला चहा दिला.

१७ ऑगस्ट

गोड गोष्ट. आज मशीनला निघताना यांनीच म्हटलं, "तू नको येत जाऊस. चार चार तास त्या बाकावर बसून कंबर धरते तुझी. मुकादम सोडेल, आणेल."

माझी कंबर! यांना दिसली! दाराशी उभी राहून गाडी वळेपर्यंत बघत होते. आत येऊन रडले जरा. इतकं सोसलं त्याचं चीज होतंय, असं वाटलं.

१८ सप्टेंबर

फुप्फुसाचा फोटो स्वच्छ. गाठ होती तिथे नुसता पांढरा वण. डॉक्टर मास्क खाली करून हसल्या. पहिल्यांदा पूर्ण चेहरा बघितला. किती लहान आहे हो मुलगी! म्हणाल्या, "बुरशीच्या बाजूने माझी आता कशालाच हरकत नाही." कशाला, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, प्रवासाबिवासाला म्हणतात.

२१ ऑक्टोबर

मशीनच्या दिवशी यांचा चष्मा घरीच राहिला. द्यायला गेले.

काचेतून बघितलं. हे पलंगावर, हाताला नळ्या. शेजारी स्टुलावर ती. काही बोलत नव्हते दोघं. ती यांची नखं कापत होती. एकेक बोट धरून, फुंकर घालून.

तिथल्या नव्या नर्सताई आपणहून म्हणाल्या, "त्या ताई ना? त्या तर मी ऑगस्टमध्ये लागल्यापासून येतात. एक दिवस चुकवला नाही हो. तुम्ही यांच्या बहीण का?"

चष्मा त्यांच्याकडे देऊन परत आले. तिथे पास लागत नाही.

२४ ऑक्टोबर

जगमधलं पाणी आज मापलं नाही. हवं तेवढं प्या, मी म्हणाले. यांनी स्वतःच मापून घेतलं. "आता जपायला हवं," म्हणाले.

३ नोव्हेंबर

किडनीवाल्या डॉक्टरांचा फोन आला, पत्नी म्हणून माझी संमती लागते सांगायला. किडनी ती देते आहे, बुकेवाली. तपासण्या सगळ्या झाल्या. भला माणूस, आनंदाने सांगत होता — "काळजी करू नका, बाई. तुमच्यापेक्षाही चांगली जुळते!"